रेवदंड्याचा निळा देवमासा का वाचला नाही

प्रश्न असा आहे: "2015 च्या जूनमध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्यावर जिवंत निळा देवमासा आला होता. मी तेव्हा शाळेत होतो, वडिलांबरोबर बघायला गेलो होतो. लोकांनी त्याला पाण्यात ढकलायचा प्रयत्न केला, पण तो मेला. देवमासा हवेतच श्वास घेतो, मग जमिनीवर का मरतो? तो माणसामुळे आला होता का? आणि असा प्राणी आपल्या समुद्रात जिवंत दिसतो का?"

मी पशुवैद्य आहे. गेली 22 वर्षं कोकण किनाऱ्यावर लागलेले देवमासे, डॉल्फिन आणि कासवं तपासतो. त्यातले बहुतेक मेलेलेच असतात. रेवदंड्याला मी नव्हतो, पण जिवंत देवमाशाशेजारी चिखलात बसून रात्र काढण्याची वेळ माझ्यावर दोनदा आली आहे. तुमचा पहिला प्रश्न तेव्हा गर्दीतल्या जवळजवळ प्रत्येकाने मला विचारला होता, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करतो.

रेवदंड्याचा देवमासा सुमारे 42 फुटांचा होता आणि वजन 20 टनांच्या आसपास असल्याचं तेव्हा छापून आलं होतं. म्हणजे प्रवाशांनी भरलेल्या एस.टी.पेक्षा जास्त. समुद्रात हे सगळं ओझं पाणी उचलून धरतं, त्यामुळे देवमाशाच्या शरीराला स्वतःचं वजन पेलायची सवयच नसते. गाईच्या बरगड्या पाठीमागे मणक्याला आणि पुढे छातीच्या हाडाला पक्क्या बांधलेल्या असतात, म्हणून ती बसली तरी छातीचा पिंजरा टिकतो. निळ्या देवमाशाच्या जातकुळीत छातीचं हाड अगदी लहान, आणि त्याला फक्त बरगड्यांची पहिली जोडी जोडलेली. बाकीच्या बरगड्या पुढून मोकळ्या. खोल बुडी मारताना छाती दाबली गेली तरी मोडू नये, यासाठी ही रचना उत्तम आहे. पुळणीवर मात्र तीच जिवावर उठते. प्राणी पोटावर पडतो, छाती दबते आणि प्रत्येक श्वासाला त्याला अख्खं शरीर वर ढकलावं लागतं.

दुसरी गोष्ट बाहेरून दिसत नाही. खालच्या बाजूचे स्नायू वजनाखाली चेपतात, तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि स्नायू मरायला लागतात. इमारत कोसळल्यावर ढिगाऱ्याखाली पाय अडकलेला माणूस बाहेर काढेपर्यंत शुद्धीवर असतो, बोलतो, आणि सुटका झाल्यावर काही तासांनी त्याची मूत्रपिंडं निकामी होतात, हे भूकंपाच्या बातम्यांमध्ये तुम्ही वाचलं असेल. चेपलेल्या स्नायूंतली विषारी द्रव्यं दाब सुटताच रक्तात शिरतात म्हणून तसं होतं. देवमाशाचंही तेच. भरतीला त्याला पाण्यात नेलं, टाळ्या वाजल्या, आणि दुसऱ्या दिवशी तो दोन मैलांवर पुन्हा किनाऱ्याला लागला, असं घडतं तेव्हा लोक म्हणतात, "त्याला मरायचंच होतं." मला हे वाक्य ऐकवत नाही. त्याच्या शरीरात पोहायची ताकद उरलेली नसते, एवढंच.

तिसरी गोष्ट उष्णता. चरबीचा जाड थर गार पाण्यात अंगातली ऊब धरून ठेवतो. नको असलेली उष्णता तो छातीजवळचे पर, शेपूट आणि जीभ यांच्यातून पाण्यात सोडतो. कोकणातल्या दमट हवेत, अंगाखाली तापलेली वाळू असताना ती बाहेर पडायला वाटच राहत नाही. तो आतून शिजत जातो. हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. मेल्यावर पाच-सहा तासांनी पोट उघडलं तर आतल्या मांसाचे चटके बसतात.

पहिल्या वेळी मी पहाटे साडेचारला पोचलो होतो. ओहोटी पार खाली गेलेली, विजेऱ्यांचा उजेड, शंभरेक माणसं. तो ब्रायडीचा देवमासा होता, निळ्याचाच चुलतभाऊ. मी त्याच्या कुशीवर हात ठेवला आणि घड्याळ लावून श्वास मोजायला लागलो. नाकपुड्या डोक्यावर असतात. त्या उघडल्या की सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटावी तसा आवाज यायचा आणि जुन्या सुकटीच्या गोणीचा वास पसरायचा. आधी चाळीस सेकंदांनी एक श्वास, मग मिनिटाने, उजाडेपर्यंत दोन-दोन मिनिटांनी. डोळ्यातून जाडसर, जेलीसारखा चिकट द्राव ओघळत होता. खाऱ्या पाण्यापासून डोळा जपण्यासाठी तो असतोच, पण जमलेल्या बायका म्हणाल्या, "रडतंय बघा ते." मी काही बोललो नाही. मी पोचण्याआधीच कुणीतरी शेपटीला नायलॉनचा दोर बांधून जेसीबीने ओढून पाहिलं होतं आणि शेपटीच्या मुळाशी सांधा निखळला होता. म्हणजे तो पाण्यात गेला असता तरी पोहू शकला नसता. ओढणाऱ्याचा हेतू चांगला होता आणि रात्रभर तो माझ्याबरोबर बादल्या भरत राहिला. तेव्हापासून जिथे बोलायला मिळेल तिथे मी हे सांगतो: शेपटीला दोर बांधू नका. परांनाही नाही.

मग करायचं काय? वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर आणि पोलिसांना लगेच कळवा. गर्दी निदान पन्नास पावलं लांब ठेवा, कारण शेपटीचा एक फटका माणसाला पुरतो आणि गोंगाटाने प्राणी आणखी घाबरतो. अंगावर ओल्या चादरी टाका, पाणी मारत राहा, पण नाकपुड्यांवर चादर नको आणि त्यात पाण्याचा थेंबही जाता कामा नये. छातीजवळच्या परांखालची वाळू हाताने उकरून खड्डा करा, म्हणजे ते मोडणार नाहीत आणि खड्ड्यात साचलेल्या पाण्याने थोडे थंड राहतील. डॉल्फिन असेल तर ताडपत्रीच्या झोळीत घालून पाण्यात सोडता येतो, आणि तो वाचतोही. 20 टनांच्या देवमाशाला भरतीने स्वतः उचललं तरच आशा. नाहीतर त्याला सावली, ओलावा आणि शांतता द्यायची, एवढंच आपल्या हातात राहतं. इंजेक्शन देऊन सोडवता येत नाही का, असंही लोक विचारतात. एवढ्या शरीराला लागणारं औषध जवळ नसतं, आणि दिलंच तर ते मांस खाणारी कुत्री, घारी, कावळे मरतात.

आता दुसरा प्रश्न. पण त्याआधी एक खुलासा. वर्तमानपत्रात "निळा देवमासा" छापून आलं की मी आधी फोटो मागवतो, कारण आपल्या किनाऱ्यावर लागणारे बरेचसे मोठे देवमासे ब्रायडीचे निघतात. ओळख सोपी आहे. ब्रायडीच्या डोक्यावर, नाकपुड्यांपासून तोंडाच्या टोकापर्यंत तीन उभे कंगोरे असतात. निळ्याला एकच, आणि त्याचं डोकं वरून रुंद, इंग्रजी यू अक्षरासारखं गोलसर दिसतं. निळ्याच्या तोंडात दातांऐवजी असलेल्या गाळणीचे पट्टे मुळापासून केसांपर्यंत काळे कुळकुळीत. पाठीवरचा पर एवढ्या शरीराच्या मानाने अगदीच चिमुकला आणि शेपटीकडे पार मागे सरकलेला. आणि ती सोन्याच्या भावाने विकली जाणारी "व्हेलची उलटी" निळ्या देवमाशात नसतेच. ती, म्हणजे अंबरग्रीस, स्पर्म व्हेल या दुसऱ्या जातीच्या देवमाशाच्या आतड्यात तयार होते. निळ्याचं पोट फाडून ती शोधणारे लोक मी पाहिले आहेत. देवमासे आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण. मेलेल्या देवमाशाचं हाड घरी नेणंसुद्धा गुन्हा आहे.

तर, माणसामुळे आला का? एखादा प्राणी किनाऱ्याला लागायची कारणं बरीच असतात: आजार, आईपासून ताटातूट, जाळं, जहाजाची धडक. निळ्या देवमाशाचं पिल्लू जन्मतःच सात मीटरचं, म्हणजे 23 फुटांचं असतं. त्या हिशेबाने 42 फुटांचा देवमासा म्हणजे अजून पोरच. जूनमध्ये नैर्ऋत्येचा वारा आणि उधाण सगळं काही किनाऱ्याकडे लोटतं, त्यामुळे अशक्त झालेला प्राणी पावसाळ्यात आपल्याकडे येऊन लागतो. शवविच्छेदनात मी सगळ्यात आधी जबडा आणि मणके बघतो. हाड मोडलेलं असेल आणि आजूबाजूच्या मांसात रक्त साकळलेलं असेल, तर जिवंत असताना धडक बसली. हाड मोडलंय पण मांस स्वच्छ आहे, तर मेल्यानंतर एखादं जहाज घासून गेलं. पाठीवर ठरावीक अंतराने समांतर वार दिसले, तर ते जहाजाच्या पंख्याचे. हे सगळं ताज्या शरीरातच कळतं. म्हणून मी म्हणतो, पुरायची घाई करू नका, आधी तपासू द्या.

पण तुमच्या प्रश्नात एका देवमाशापेक्षा मोठं काहीतरी आहे असं मला वाटतं, म्हणून थोडं मागे जातो.

माणसाने शेकडो वर्षं देवमासे मारले, पण निळा त्याच्या हाती लागत नव्हता. वल्ह्याच्या होडीला तो गाठता येत नसे आणि मेलाच तर बुडायचा. 1860 च्या दशकात नॉर्वेच्या स्वेन्ड फॉइनने वाफेची बोट आणि टोकाला स्फोटक लावलेला, तोफेतून सुटणारा हार्पून एकत्र आणला. मेलेल्या देवमाशाच्या अंगात हवा भरून तो तरंगत ठेवायची युक्तीही आली. 1904 मध्ये दक्षिण जॉर्जिया बेटावर ग्रिटविकेन इथे तळ उभा राहिला आणि अंटार्क्टिकाचा समुद्र खुला झाला. द्रव तेल घट्ट करायची जी प्रक्रिया पुढे आपल्याकडे वनस्पती तुपासाठी वापरली गेली, तीच देवमाशाच्या तेलाला लावून युरोपात मार्गारीन होऊ लागलं. साबण त्याचा, स्फोटकांसाठी लागणारं ग्लिसरीनही त्याचंच. 1930-31 च्या एका हंगामात अंटार्क्टिकात 29,000 हून अधिक निळे देवमासे मारले गेले. पुढे मर्यादा घातल्या गेल्या त्यादेखील "निळा देवमासा एकक" या मापात. एक निळा म्हणजे दोन फिन, किंवा अडीच हंपबॅक, किंवा सहा सेई (या देवमाशांच्याच दुसऱ्या जाती). मर्यादा सगळ्यांची मिळून एकच, कुठल्या जातीचे किती मारायचे यावर बंधन नाही, म्हटल्यावर शिकारी साहजिकच सगळ्यात मोठ्याच्या मागे लागले. अंटार्क्टिकात मूळ संख्या सुमारे 2,39,000 असावी आणि 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ती 360 वर आली असावी, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. दर हजारातले दीड.

हे दूरचं वाटतं, पण आपल्या दारातही हेच घडलंय आणि ते फार कमी लोकांना माहीत आहे. 1960 च्या दशकात सोव्हिएत शिकारी ताफे उत्तर हिंदी महासागरात आले आणि चारेक वर्षांत त्यांनी जवळपास 1300 निळे देवमासे मारले. अरबी समुद्रात 242 हंपबॅक मारले, त्यातले बहुतेक नोव्हेंबर 1966 मध्ये. देवमाशांच्या शिकारीवर लक्ष ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाला खोटे आकडे कळवले जात होते. खरे आकडे सोव्हिएत संघ कोसळल्यावर, 1990 च्या दशकात, त्या ताफ्यांवर काम केलेल्या शास्त्रज्ञांनीच जपून ठेवलेल्या नोंदींतून बाहेर आले. अरबी समुद्रातले हंपबॅक आज शंभरही उरले नसावेत. निळ्यांचं दुखणं असं, की उत्तर हिंदी महासागरातले निळे देवमासे इतर ठिकाणच्यांसारखे ध्रुवाकडे जात-येत नाहीत. ते वर्षभर याच समुद्रात राहतात, मान्सूनच्या वाऱ्याने तळाचं सकस पाणी जिथे वर येतं तिथे फिरतात. ते मारले गेले तर त्यांची जागा घ्यायला दुसरीकडून कोणी येत नाही.

शिकार थांबली. 1986 पासून व्यापारी शिकारीवर बंदी आहे, आणि हिंदी महासागर त्याआधीच, 1979 मध्ये, अभयारण्य जाहीर झाला. आज धोका जहाजांचा आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला, दोंद्रा टोकाजवळून जगातला एक अतिशय गजबजलेला जलमार्ग जातो, आणि नेमका तिथेच निळ्या देवमाशांचा चरण्याचा पट्टा आहे. श्रीलंकेच्या संशोधक आशा डी व्होस यांनी या प्राण्यांवर वर्षानुवर्षं काम केलं. ते तिथे काय खातात, हेही त्यांच्या चमूने शोधलं. बाकी जगात निळा देवमासा क्रिल नावाचे कोळंबीसारखे बारीक जीव खातो, हे मात्र सर्जेस्टिड कुळातल्या बारीक कोळंबीवर जगतात. हे कुळ आपल्या ओळखीचं आहे. डोलीच्या जाळ्यात येणारा आपला जवळा त्यातलाच. माझी आजी जवळ्याची चटणी करायची आणि ताट पुढे सरकवताना "एवढंसं असतं, पण अंगी लागतं" म्हणायची. देवमाशाच्याही अंगी लागतं.

तो जहाजापासून पळत का नाही? हा प्रश्न मला फार वर्षं छळत होता. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर देवमाशांच्या पाठीवर यंत्रं चिकटवून त्यांची हालचाल टिपली, तेव्हा दिसलं की जहाज अंगावर येत असताना ते बाजूला होत नाहीत. फार तर सावकाश खाली बुडतात, तेही पुरेसं खोल नाही. लाखो वर्षांत इतक्या वेगाने येणारं, त्याच्यापेक्षा मोठं काही त्याला भेटलंच नव्हतं, मग पळायचं शिकणार कुठून? म्हणून जे काही करायचं ते जहाजानेच करायला हवं: वेग दहा नॉटवर आणायचा किंवा वाट बदलायची. 2022 पासून एमएससी या बड्या जहाज कंपनीने श्रीलंकेजवळून जाणाऱ्या आपल्या जहाजांची वाट आणखी दक्षिणेला नेली. बाकीच्यांनीही नेली तर इंधनाचा आणि वेळेचा थोडा जादा खर्च सोडून कोणाचंही काही बिघडत नाही. इतका स्वस्त उपाय असलेलं दुखणं माझ्या व्यवसायात मला क्वचित दिसतं.

माणसाचा आणि निळ्या देवमाशाचा संबंध एका वस्तूत बघायचा असेल, तर ती वस्तू म्हणजे त्याच्या कानातला मळ. देवमाशाच्या कानाची नळी बाहेरून बंद असते, त्यामुळे मळ आयुष्यभर आत साठत राहतो. एक थर फिकट, एक गडद, साधारण सहा-सहा महिन्यांचा. झाडाच्या खोडातल्या वलयांसारखं मोजून वय सांगता येतं. 2007 मध्ये कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ जहाजाच्या धडकेने मेलेल्या 12 वर्षांच्या नर निळ्या देवमाशाचा असा वीतभर लांब खुंट अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी थराथराने तपासला. त्यात डीडीटी सापडलं, पारा सापडला, आणि कीटकनाशकांचा मोठा वाटा जन्मानंतरच्या पहिल्या वर्षातल्या थरांमध्ये होता. म्हणजे तो आईकडून आला होता, गर्भातून आणि दुधातून. पुढे त्याच गटाने निरनिराळ्या देवमाशांचे, 1870 पासूनच्या काळातले खुंट तपासले. ताणाच्या संप्रेरकाचं प्रमाण शिकारीच्या आकड्यांबरोबर चढत-उतरत गेलेलं दिसलं. दुसऱ्या महायुद्धात शिकार घटली होती, तरी ताण चढलेलाच होता. तेव्हा समुद्रात पाणबुड्या आणि बॉम्ब होते. कुठल्याही माणसाने लिहून ठेवलेला नाही असा हा आपलाच दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

राहिला तिसरा प्रश्न. हो, दिसतो. 2015 मध्येच, रेवदंड्याच्या घटनेच्या थोडंसं आधी, सिंधुदुर्गात कुणकेश्वरच्या समोर संशोधकांना निळे देवमासे दिसले होते, बरोबर पिल्लू होतं. लक्षद्वीपमध्ये संशोधक दिव्या पणिक्कर यांनी कवरत्तीजवळ पाण्याखाली ध्वनिमुद्रकं ठेवून निळ्या देवमाशांचं गाणं टिपलं, तेही 2018 ते 2020 या काळात. 2020 मध्ये ओमानकडच्या अरबी समुद्रातून एका वेगळ्याच गाण्याची नोंद जाहीर झाली. निळ्या देवमाशांच्या प्रत्येक समूहाचं गाणं वेगळं असतं, त्यामुळे या समुद्रात एकाहून जास्त समूह नांदत असावेत. ही गाणी इतक्या खालच्या सुरात असतात की आपल्या कानाला त्यांचा बराचसा भाग लागतच नाही. मोठ्या जहाजाच्या इंजिनाची घरघरही साधारण त्याच पट्टीत असते. वाजंत्र्यांच्या गाडीमागे उभं राहून कोणाशी बोलायचा प्रयत्न केला असेल, तर त्यांचं काय होत असेल ते कळेल.

तुम्हाला बघायचा असेल, तर किनाऱ्यावरून आशा कमीच. ओळखीच्या तांडेलांशी बोला, ते खोल पाण्यात जातात. फवारा ही पहिली खूण: सरळ उभा, माडाच्या झाडाएवढा, वारा नसेल तर दूरवरून दिसतो. मग लांबच लांब निळसर करडी पाठ सरकत राहते, सरकतच राहते, आणि तुम्ही पर विसरून गेल्यावर तो चिमुकला पर येतो. दिसला तर इंजिन कमी करायला सांगा, समोर जाऊ नका, मागे लागू नका. पाठीच्या ठिपक्यांचा बाजूने फोटो घ्या, कारण माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखे ते प्रत्येकाचे वेगळे असतात. वेळ, बंदरापासूनचं अंतर आणि पाणी किती वाव ते लिहून घ्या. जाळ्यात अडकलेला दिसला तर तांडेलाला सांगा की जाळं कापून सोडला आणि त्याचं चित्रण केलं, तर वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांच्या योजनेत 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. बऱ्याच जणांना हे अजून ठाऊक नाही, आणि जाळ्याची किंमत त्याहून जास्त असते हेही खरं. तरीही कापणारे तांडेल मी पाहिले आहेत.

आणि रेवदंड्याचा तुम्ही किंवा वडिलांनी तेव्हा काढलेला एखादा फोटो घरात असेल, मोबाईलमध्ये, जुन्या मेमरी कार्डात, तर जरूर शोधा. डोक्याचा वरून काढलेला असेल तर कंगोरे मोजता येतील. बाजूचा असेल तर ठिपके आजही कामाला येतात.